वजा केलेला मुलूख

तेजोमेघाचा, म्हणजे ताऱ्यांमधल्या वायू-धुळीच्या ढगाचा, तयार फोटो बघून तो कुठून काढलाय हे ओळखता येत नाही. मृगातला महातेजोमेघ चिलीच्या वाळवंटातून टिपा नाहीतर औसा तालुक्यातल्या आमच्या शेतातून, पडद्यावर शेवटी तोच येतो: मधे पांढुरका गाभा, दोन्ही अंगांना पसरलेले लालसर-जांभळे पंख, कडेला धुरकट तपकिरी धूळ. तो तसाच यायला हवा. जे आकाशाचं नाही ते काढून टाकणं हीच सगळी प्रक्रिया, आणि ती नीट झाली तर फोटोत जमिनीचा माग उरत नाही. आमच्या शेतातून काढलेल्या फोटोंतून मी लातूर शहराचा उजेड वजा केला आहे. कॅमेऱ्याची स्वतःची ऊब वजा केली आहे. काळ्या रानातली धूळ, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरचे दिवे, माझ्या चुलत्यांच्या, आबांच्या, हातातली बॅटरी, सगळं गेलं आहे. बघणाऱ्यांना ते फोटो आवडतात, मलाही आवडतात. पण अलीकडे मला त्या वजा केलेल्या भागाबद्दलच जास्त सांगावंसं वाटतं.

आधी तेजोमेघाबद्दल. जानेवारीत रात्री नऊच्या सुमाराला आग्नेयेकडे मृगाचा चौकोन चांगला वर आलेला असतो. त्यातले ओळीतले तीन तारे म्हणजे तिकांडं. घरोघरी घड्याळ नव्हतं तेव्हा आमच्याकडची माणसं तिकांडं कुठवर आलंय ते बघून रात्र किती उरली हे सांगायची. तिकांड्याच्या दक्षिणेला अंधूक ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्या मधला तारा टोकदार दिसत नाही, बोटानं पुसल्यागत दिसतो. तोच मृगातला महातेजोमेघ, खगोलाच्या यादीतला एम 42. तो आपल्यापासून सुमारे 1,340 प्रकाशवर्षं दूर आहे. आज रात्री माझ्या कॅमेऱ्यात उतरणारा उजेड तिथून निघाला तेव्हा सातवं शतक चालू होतं आणि वेरूळचं कैलास लेणं कोरायला अजून दोन-तीन पिढ्या अवकाश होता. त्या ढगात नवे तारे जन्मतात. गाभ्यात चार तरुण ताऱ्यांचा झुबका आहे, त्यातला सगळ्यात तापलेला तारा चाळीस हजार अंशांच्या आसपास. त्याच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सुटतो. तो परत अणूत येताना एकेक पायरी उतरतो, आणि तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना 656.3 नॅनोमीटरचा लाल उजेड सोडतो. एवढा पसारा प्रामुख्यानं त्या एका उडीवर लाल दिसतो. वायू मात्र इतका विरळ की घनसेंटिमीटरभर जागेत काही हजारच अणू. प्रयोगशाळेत आपण ज्याला निर्वात म्हणतो त्यात याहून कितीतरी जास्त असतात.

डोळ्याला साठवण नाही. मिळालेला उजेड तो बघतो आणि सोडून देतो. कॅमेरा साठवतो, आणि या कामाचं सगळं बळ तेवढ्यात आहे. तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो याच एम 42 चा. हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या वेधशाळेत 11 इंची दुर्बिणीला फोटोची काच लावून 51 मिनिटं उजेड साठवला. तारीख होती 30 सप्टेंबर 1880. तीनच वर्षांनी इंग्लंडात अँड्र्यू कॉमन यांनी 36 इंची आरशाच्या दुर्बिणीतून याच मेघाचा फोटो घेतला. त्यात जे तारे उमटले ते त्याच दुर्बिणीला डोळा लावून दिसत नव्हते. त्या दिवसापासून आकाश बघणं म्हणजे साठवणं झालं.

30 सप्टेंबर ही तारीख आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. 1993 साली गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी आमची घरं. तीच माणसांवर आली. हजारो माणसं गेली. आमच्या वाड्याची भिंत पडली, माणसं वाचली. पुढं कित्येक महिने आमच्या गावात छताखाली झोपायची कुणाची छाती झाली नाही. मी तेव्हा शाळेत होतो. पत्र्याच्या शेडबाहेर गोधडीत पडून मी तो हिवाळा काढला. आजीला झोप लागायची नाही. जमीन जराशी हलली की ती उठून बसायची, आणि मग मी जागा झालोय हे बघून काहीबाही दाखवत राहायची: ते तिकांडं, सप्तर्षींतली ती म्हातारीची बाज, ते बाज पळवायला आलेले चोर. मला आभाळाचा नाद कुठून लागला असं कुणी विचारलं तर मी त्या हिवाळ्याचं सांगतो. नाद म्हणण्यासारखं तेव्हा काही नव्हतं. डोळा लागेपर्यंत बघायला दुसरं काही नव्हतं, आणि वरचं छत कोसळणारं नव्हतं.

आभाळाचे फोटो काढणं हे कुठलं तरी लांबचं काम असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग हैदराबादच्या निजामिया वेधशाळेबद्दल वाचलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे ती आमच्याच राजधानीतली. नवाब जफर जंग यांनी 1901 साली स्वतःच्या हौसेनं तिची सुरुवात केली, 1908 मध्ये ती सरकारकडे गेली. 1887 साली पॅरिसमध्ये जगातल्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन त्याचे फोटो काढायचं ठरवलं होतं. त्यातला आकाशाच्या विषुववृत्तापासून दक्षिणेला 17 ते 23 अंशांमधला पट्टा हैदराबादनं पुरा केला, पुढं उत्तरेकडचा आणखी एक पट्टाही घेतला. आठ इंची दुर्बीण, काचेच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवरच्या एकेका ताऱ्याची जागा मोजणारी माणसं. साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा त्यांनी छापल्या. धनू राशीतली आकाशगंगा त्या पट्ट्यातूनच जाते. मोजणाऱ्यांतल्या फार थोड्यांची नावं आज कुणाला माहीत असतील. पण दख्खनच्या पठारावर बसून आभाळाचा फोटो काढणं याला शंभर वर्षांहून जुनी वहिवाट आहे, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

आमचं शेत गावापासून पुरेसं लांब आहे. आखाड्याच्या पुढं एक उघडं टेकाड आहे, तिथं मी माउंट, म्हणजे ताऱ्यांबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक, मांडतो. आमच्या अक्षांशाची एक अडचण पुस्तकांत फारशी येत नाही, कारण पुस्तकं थंड देशांत लिहिली जातात. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुव तारा जेवढे अंश वर, तेवढाच आपला अक्षांश. आमच्याकडे तो जेमतेम 18 अंशांवर असतो. उत्तरेला एखादं लिंबाचं झाड आडवं आलं की गेला. वर धुरळा, धुकं, उसाचं पाचट पेटवलेलं असेल तर धूर. शिवाय खरा ध्रुवबिंदू त्या ताऱ्यापासून अर्ध्या अंशाहून जरा जास्तच बाजूला आहे. माउंटचा अक्ष इतका आडवा करावा लागतो की वजनाचा दांडा तिवईच्या पायाला भिडतो. त्या बदल्यात दक्षिण मात्र आमची आहे. नौकातल तारकासमूहातला प्रचंड तेजोमेघ आमच्या क्षितिजावर बारा अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेक हौशी मंडळींना तो आपल्या घरून जन्मात दिसत नाही.

अक्ष का जुळवायचा? पृथ्वी सेकंदाला 15 विकला फिरते (एका अंशाच्या 3,600 विकला), आणि माझ्या छोट्या दुर्बिणीत कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे साधारण दोन विकला. माउंट थांबला तर एका सेकंदात तारा सात पिक्सेल सरकेल. मला तो तीन-चार मिनिटं एका जागी हवा असतो. म्हणून ही सगळी खटपट. उपकरणांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. जुना डीएसएलआर आहे, त्यातली तांबडा उजेड अडवणारी काच एका जाणकाराकडून काढून घेतली आहे. ती काच असती तर हायड्रोजनच्या त्या लाल रंगाचा मोठा हिस्सा सेन्सरपर्यंत पोचलाच नसता. वीज बारा व्होल्टच्या बॅटरीवर.

सगळ्यात चांगल्या रात्री मला येळवशीच्या आसपास मिळाल्या आहेत. मार्गशीर्षातली ही वेळा अमावास्या लातूर-धाराशिवकडे दिवाळीइतकी मोठी असते. दिवसभर सगळं गाव रानात. कडब्याची कोप, त्यात पांडव, आंबिलीचं मडकं, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. दिवस कलला की माणसं गावाकडे परततात आणि मी तिथंच थांबतो. चंद्र नाही, थंडी पडलेली, हवा कोरडी. अकरानंतर मृग डोक्यापासून थोडा दक्षिणेला, सगळ्यात वर येतो. थंडीचा उपयोग अंगाला नसला तरी सेन्सरला असतो. सेन्सर जितका उबदार, तितका तो उजेड नसतानाही स्वतःचे आकडे भरत जातो, आणि साधारण दर सहा अंशांना हे प्रमाण दुप्पट होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा किती खाली गेला हे पेपरात छापून आलं की मी सामान बांधायला घेतो. मे महिन्यातलं आभाळही निरभ्र असतं, पण अठ्ठावीस अंशांच्या रात्री तोच कॅमेरा दहा अंशांच्या रात्रीच्या आठपट कचरा भरतो.

हिवाळ्यात शेतात मी एकटा मात्र कधीच नसतो. हरभऱ्याला, गव्हाला, करडईच्या एखाद्या वाफ्याला पाणी द्यायचं असतं आणि शेताची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रातची लाईट असली की आबा किंवा चुलतभाऊ येतो. लाईट आली की लांबच्या विहिरीवरची मोटार घुर्र करते, दंडातून पाणी येताना ऐकू येतं, आणि मग पहाटेपर्यंत एकेक सारं भरून दार मोडायचं, पुढचं बांधायचं. गुडघ्याएवढं गार पाणी, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. घोणस, मण्यार, कधी रानडुक्कर. अलीकडे बिबट्याची बातमी असते. मी खुर्चीवर शाल पांघरून बसलेलो असतो आणि ते चिखलात उभे असतात. आभाळाचे फोटो काढणाऱ्यांच्या लिखाणात रात्र नेहमी सुनसान असते. मराठवाड्यातली हिवाळ्याची रात्र सुनसान नसते. शिवारात इकडंतिकडं बॅटऱ्या हलत असतात आणि त्या प्रत्येक बॅटरीमागं पिकाला पाणी पाजणारं एक माणूस असतं. शेतीला दिवसा वीज मिळायला पाहिजे ही मागणी जुनी आहे, सौर वाहिन्यांमुळं काही गावांत ती पुरीही होते आहे. आमच्याकडे लवकर व्हावी. त्या दिवशी माझ्या सोबतीला रानात कुणी नसेल, आणि ते चांगलंच असेल.

पहिल्या पहिल्या वर्षी आबा बॅटरी सरळ माझ्या तोंडावर मारायचे.

"काय करूलालास रं हितं, थंडीचं?"

"फोटू काढूलालाव आबा, मृगाचा."

"एवढा येळ?"

पुढं त्यांनी आपणहून बॅटरीच्या काचेला लाल कागद बांधला. मी मागितला नव्हता. लाल उजेडानं डोळ्याचा अंधार मोडत नाही हे त्यांनी माझ्याकडची लाल बॅटरी बघून ताडलं होतं. तरी कधी दार फुटलं, पाणी दुसरीकडं धावलं, की ते मोठी बॅटरी घेऊन पळतात आणि ती माझ्या फ्रेमवरून जाते. त्याचं काही बिघडत नाही. एकाच जागेच्या कितीतरी फ्रेम घेतलेल्या असतात. संगणक प्रत्येक पिक्सेलपाशी थांबून सगळ्या फ्रेममधले आकडे बघतो, जो आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडलाय तो टाकून देतो, उरलेल्यांची सरासरी घेतो. विमानं, उपग्रहांच्या रेघा, ट्रॅक्टरचे दिवे असेच जातात. आबाही असेच गेले आहेत, माझ्या कितीतरी फोटोंतून.

सरासरीचं हे गणित या छंदाचा कणा आहे. एका फ्रेममध्ये तेजोमेघाचा अंधूक भाग नॉइजमध्ये, म्हणजे आकड्यांच्या वेड्यावाकड्या चढउतारात, बुडालेला असतो. फ्रेम वाढवत गेलं की खरा उजेड साठत जातो आणि नॉइज त्याच्या मानानं मागं पडतो, पण वर्गमुळाच्या हिशोबानं. नॉइज अर्ध्यावर आणायचा तर वेळ चौपट द्यावा लागतो. विहिरीत रात्रभर पाझर साठावा तसा हा उजेड साठतो, त्याला घाई चालत नाही. उजाडायला लागलं की दुर्बिणीच्या तोंडावर आबांच्या जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा ताणून बांधतो आणि फिकट आकाशाकडे रोखून फ्लॅट फ्रेम घेतो. भिंगाच्या कडेला उजेड कमी पडतो, सेन्सरवर काळ्या मातीचे कण बसून गोल डाग पडतात. ते सगळं या फ्रेममध्ये एकटं उमटतं, आणि त्यानं मूळ फोटोला भागलं की निघून जातं. मग दुर्बिणीवर झाकण लावून तितक्याच वेळाच्या डार्क फ्रेम. त्यात उमटते ती फक्त कॅमेऱ्याची ऊब. ती वजा.

पुढचं काम पावसाळ्यात. सात-आठ जूनला मृग निघतो, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. हिवाळ्यात ज्या तेजोमेघासाठी मी रात्र जागतो तो तेव्हा भर दुपारी, सूर्याच्या पल्याड, डोक्यावर असतो. गावात मृगाच्या पावसाची वाट बघणं चालू असतं, बियाणं-खताची धावपळ असते. सोयाबीन पेरून झाली आणि झड लागली की मी हिवाळ्यातल्या फायली उघडतो.

याच काळाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आकाशगंगेचा मध्य, धनू राशीतले सगळे देखणे तेजोमेघ, हे जून ते ऑगस्टमध्ये रात्री दक्षिणेला ऐन वर असतात आणि ढगांआड जातात. मराठवाड्यातल्या हौशी माणसाला ते एप्रिल-मेच्या पहाटे उरकावे लागतात. 2015 साली तसं झालं नाही. ऑगस्टमधली अमावास्या आली आणि आभाळ लख्ख होतं. लगून तेजोमेघ रात्री नऊच्या आत दक्षिणेला ऐन वर, हवा धुतल्यासारखी, एक ढग नाही. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे चाळीस टक्के पाऊस कमी झाला. सोयाबीन कमरेला लागायचं ते घोट्याएवढं राहून करपलं होतं. मी दुर्बीण लावली. आबा बांधावर बसले होते, त्यांनी वर बघितलं आणि काही बोलले नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या रात्रीचा डेटा माझ्याकडचा लगूनचा सगळ्यात स्वच्छ डेटा आहे. धुळीचे काळे पदर त्यात जितके सुटे दिसतात तितके मला पुन्हा कधी मिळाले नाहीत. तो फोटो मी पुरा केला, पण घरात लावला नाही. कुठलं सॉफ्टवेअर त्यातून तो ऑगस्ट वजा करणार? जुलै-ऑगस्टमध्ये निरभ्र रात्र मागणं मला तेव्हापासून जमत नाही. ढग आले की बरं वाटतं, आणि हे मी मनापासून सांगतो.

तर फायली. जोडून झालेला फोटो पहिल्यांदा उघडला की पडदा काळा दिसतो, चार-दोन तारे सोडून काही नाही. सगळा उजेड आकड्यांच्या तळाशी दाटलेला असतो. तो हळूहळू वर ताणायचा. गाभा झगझगीत आणि पंख अतिशय मंद, त्यामुळं पंखांसाठी ताणलं की गाभा पांढरा फटक होतो. म्हणून गाभ्यासाठी काही सेकंदांच्या वेगळ्या फ्रेम घेऊन ठेवतो आणि दोन्ही जुळवतो. ताणण्याच्या आधी मात्र सगळ्यात अवघड निर्णय घ्यावा लागतो: पार्श्वभूमीचा. शहराचा उजेड फोटोवर एका बाजूनं चढत गेलेला असतो. सॉफ्टवेअरला आकाशाचे मोकळे ठिपके दाखवायचे, ते त्यांवरून उजेडाचा एक चढ तयार करतं आणि तो वजा करतं. मोकळे ठिपके कुठले, हे माणसानं सांगायचं. मृगात खरोखर मोकळं असं फारसं काही नाही. अख्ख्या नक्षत्रावर हायड्रोजनचा मंद पडदा आहे, बार्नार्ड यांनी 1894 साली फोटोंत टिपलेलं ते मोठं लाल कडं आहे. चुकीच्या जागी ठिपका ठेवला तर लातूरबरोबर मृगही वजा होतो. म्हणून मी घाई करत नाही. ठिपका ठेवायचा, परिणाम बघायचा, दुसऱ्या रात्रीच्या डेटाशी ताडायचा. जो चढ नक्षत्राबरोबर फिरत नाही, जमिनीच्या दिशेला चिकटून राहतो, तो आपला. जो ताऱ्यांबरोबर जातो तो वरचा.

पहिला चांगला फोटो छापून मी आबांना दाखवला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

"हे वर असंच हाय का रं, का तू रंगवलास?"

मी तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच आजही सांगेन. लाल रंग तिथं आहे. आपला डोळा अंधारात ज्या पेशींनी बघतो त्यांना त्या लाल रंगाचं जवळजवळ काहीच कळत नाही, म्हणून दुर्बिणीतूनही मेघ राखाडी, फार तर हिरवट दिसतो. तो हिरवटपणाही खरा. तेजोमेघांच्या वर्णपटातली हिरवी रेषा विल्यम हगिन्स यांना 1864 मध्ये सापडली. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, म्हणून साठ वर्षं लोक तिला नव्या मूलद्रव्याची मानत राहिले. 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन आहे. अतिविरळ वायूतच तो असा उजळू शकतो, आणि तेवढी विरळ जागा इथं खाली कुणाकडे नव्हती.

हबल दुर्बिणीनं 1995 मध्ये गरुड तेजोमेघातल्या खांबांचा फोटो काढला, त्यातले रंग मात्र ठरवून दिलेले आहेत: गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच, एकमेकांत मिसळून जातात. कुठं काय आहे हे वेगळं दिसावं म्हणून ही वाटणी. मला ती पटते, फोटोखाली तसं लिहिलेलं असलं म्हणजे झालं. पटत नाही ते दुसरंच. हल्ली काही साधनं फोटो 'सुधारताना' साठवलेल्या उजेडात नसलेले तपशील घालू शकतात, धुळीचे पदर कोरून देतात, ताऱ्यांना चमकत्या टोकांची नक्षी काढतात. एवढी रात्र जागून, एवढी माणसं आणि दिवे बाजूला काढून, शेवटी कुणी न पाठवलेला उजेड त्यात घालायचा? मी घालत नाही. माझे फोटो त्यामुळं थोडे मऊ, थोडे धूसर दिसतात. आबांना "असंच हाय" म्हणून सांगता यावं, एवढी माझी अट आहे.

आता त्या वजा केलेल्या चढाबद्दल. सॉफ्टवेअर तो वेगळ्या फायलीत ठेवू देतं. बहुतेक लोक ठेवत नाहीत. मी लातुरात पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हापासून ठेवत आलो आहे, आणि त्यासाठीच तो जुना कॅमेरा बदललेला नाही. मृग पूर्वेला असताना, सारख्याच उंचीवर, कोरड्या रात्री घेतलेल्या फायली ओळीनं लावल्या की एक वेगळाच फोटोसंग्रह दिसतो. त्यात एक तारा नाही, नुसता उजेडाचा उतार, ईशान्येकडून चढत आलेला. आधी तो नारंगी होता. सोडियमचा उजेड थोडक्या तरंगलांबींत एकवटलेला असल्यानं एक फिल्टर लावून बराच अडवता यायचा. मग एलईडी आले आणि उतार पांढरा होत गेला. पांढरा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्याला वेगळा काढणारा फिल्टर नाही. दर वर्षी उतार थोडा उंच होतो. अलीकडे दक्षिणेच्या बाजूलाही एक छोटा उंचवटा दिसायला लागलाय. तो आमच्याच गावचा: देवळापुढचा हायमास्ट.

गावात उजेड नको असं मी कधी म्हणणार नाही. रात्री उठून बाहेर जाणाऱ्या बायकांना, साप ओलांडणाऱ्या पोरांना तो लागतो. पण त्या खांबावरचे दिवे आडवे बसवलेत, त्यांचा बराच उजेड आभाळात आणि समोरच्या घरांच्या खिडक्यांत जातो, खांबाच्या बुडाशी मात्र सावली पडते. दिव्यांची तोंडं खाली वळवली तर चौक जास्त उजळेल. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. तेजोमेघाचा फोटो नेणार नाही, त्या उताराच्या फायली छापून ओळीनं लावणार आहे. आबा येतो म्हणालेत. वायरमनला विचारून ठेवलंय: शिडी लावून अर्ध्या दिवसाचं काम, आणि वरच्या बाजूला पत्र्याची झडप हवी असेल तर ती गावातला वेल्डर करून देईल.